तांदळातलं नाव

सुकन्यानं आयुष्यात काय काय कामं केली ते विचारू नका, काय केलं नाही ते विचारा. यादी आखूड होईल. उमरीला असताना तिनं शिकवण्या घेतल्या, बचत गटात काळा मसाला कुटला. नांदेडला आल्यावर एका दाताच्या दवाखान्यात चार वर्षं काउंटरवर बसली. मग विम्याची एजंट झाली. मग पार्लरचा कोर्स करून घरातल्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या बायांच्या भुवया कोरल्या. एका खाजगी शाळेत दोन वर्षं तासिकेवर विज्ञान शिकवलं. ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसून लोकांना जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पोरांची हॉलतिकिटं काढून दिली. लॉकडाऊनात मास्क शिवले, ते सांगायचं राहिलंच. आणि आता चार वर्षं झाली, एका मंगल कार्यालयाची सगळी व्यवस्था बघते. वय चव्वेचाळीस. ही बाई एक महिना तरी रिकामी बसली, असं कुणी दाखवून द्यावं.

आणि एवढं करून रविवारी दुपारी तिची पोरगी तनुजा मोबाईल हातात धरून काय म्हणाली? "मम्मी, तुझं करिअर म्हणजे नुसती खिचडी आहे गं."

"त्याच खिचडीवर वाढलीस," सुकन्या म्हणाली. "लिही तू मुकाट्यानं."

लिहायचं होतं लिंक्डइनवर. लातूरच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीची नवी प्रयोगशाळा उघडत होती, आणि तिथं बीजपरीक्षक पाहिजे होते. बी.एस्सी.च्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ती जाहिरात टाकली होती. सुकन्यानं ती इतक्यांदा वाचली की पाठ झाली. कागदावरचे अर्ज चालणार नव्हते, प्रोफाइलची लिंक पाठवायची होती. मुदत शनिवारपर्यंत. अनुभव आवश्यक. त्याखाली नाव होतं: वीरेश हलगे, प्रयोगशाळा प्रमुख. ते नाव बघून सुकन्याच्या हातातलं लाटणं जागीच राहिलं होतं. हे तर तिचे वीरेश सर. एकवीस वर्षांपूर्वी लातूरच्या जुन्या लॅबमध्ये ती त्यांच्याच हाताखाली होती.

"सांग पटापट," तनुजा म्हणाली. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिची स्वतःची प्रोफाइल चकचकीत होती. "स्वतःबद्दल सांग."

सुकन्यानं पदर सावरला आणि सुरू झाली. "उंची पाच फूट दोन इंच. शिक्षण बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र. वडील शेतकरी, नायगाव तालुक्यात आठ एकर. मामेकुळ देगलूरचं..."

तनुजा पोट धरून हसायला लागली. "मम्मी! स्थळ नाही बघायचं तुला! मामेकुळ कशाला सांगते?"

"मग? लोकांना कळायला नको का कोणाची कोण?" सुकन्या ओशाळली, पण हसलीही. आयुष्यात तिनं स्वतःबद्दल एकदाच कुणाला काही लिहून दिलं होतं, ते लग्नाच्या बायोडाटात.

मग मायलेकींची चांगलीच जुंपली. तनुजाचं म्हणणं, कंपनीवाले एका नजरेत बघतात, त्यांना एक सरळ रेघ लागते. भुवया, विमा, मसाला सगळं उडवून टाकू आणि मधल्या वर्षांना 'करिअर ब्रेक' म्हणू. सुकन्या म्हणाली, ब्रेक कसला डोंबलाचा, ब्रेक लागला असता तर घर थांबलं असतं. प्रत्येक काम का सोडलं तेही तिला ठाऊक होतं. उमरी सोडली नवऱ्याच्या बदलीमुळं. दवाखाना सोडला सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनामुळं. शाळा सोडली ती तनुजाच्या दहावीमुळं, आणि हे मात्र तिनं पोरीला कधी बोलून दाखवलं नव्हतं. शेवटी तह झाला. सगळी कामं राहतील, पण सगळ्यात वर लातूरची लॅब.

"तिथं काय करायचीस तू?" तनुजानं विचारलं.

आता काय सांगावं! तीनच वर्षं होती ती. दोन हजार एक ते दोन हजार चार. पण सुकन्याला विचाराल तर आयुष्यात कामं दहा केली आणि नोकरी ती एकच केली. टॉवेल पेपर ओला करायचा, त्यावर सोयाबीनचे शंभर दाणे ओळीनं मांडायचे, वरून दुसरा ओला कागद घालायचा, गुंडाळी करायची, रबर लावायचा. एका नमुन्याच्या अशा चार गुंडाळ्या. त्या उबदार कपाटात उभ्या ठेवायच्या आणि आठव्या दिवशी उघडायच्या. उघडताना ओल्या कागदाचा आणि कोवळ्या कोंबांचा जो वास यायचा, तो तिला पुन्हा कुठंच मिळाला नाही. मग एकेक रोप उचलून बघायचं: हे धड, हे वाकडं, हे मेलं. शंभरातले किती उगवले तो आकडा पाकिटावर जायचा आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुठंतरी कुणी पेरणी करायचं.

लॅबमधले खाजामियाँ तिच्या बापाच्या वयाचे. लातूरचेच, तीन पिढ्यांपासूनचे. कागद किती ओला करायचा हे त्यांनी शिकवलं. मुठीत दाबला की पाणी गळायला नको आणि हात कोरडाही राहायला नको. दुपारी चार वाजता ते दारातून हाक मारायचे आणि दोघं कपाटाला टेकून चहा प्यायचे. वसतिगृहात तिची स्वतःची खोली होती, खोलीची किल्ली तिच्याच कमरेला. रविवारी गंजगोलाईत एकटीनं फिरायचं, बांगड्या बघायच्या आणि न घेता परत यायचं. कुणी विचारणारं नव्हतं. त्या दिवसांची आठवण आली की सुकन्याचा हात अजूनही कमरेकडं जायचा, ती किल्ली चाचपायला. नवरा वाईट होता म्हणून नव्हे, घर वाईट होतं म्हणून नव्हे; ते दिवस फक्त तिचे होते, एवढंच.

दोन हजार चारच्या एप्रिलात ती आठ दिवसांची रजा टाकून स्वतःच्या लग्नाला गेली. जाताना एक नमुना कपाटात लावून गेली होती. आठव्या दिवशी येऊन मोजते म्हणाली. परत आली नाही. राजीनामा नाही, अनुभवाचं पत्र नाही, काही नाही. सासर उमरीला, तिथून लातूर कुठं आणि नोकरी कुठं! त्या चार गुंडाळ्यांत किती उगवले, हे तिला कधीच कळलं नाही. हसाल तुम्ही, पण कधी कधी पोळ्या लाटता लाटता ते तिच्या मनात यायचं.

"झालं," तनुजा म्हणाली. "आता वीरेश सरांना मेसेज टाकते. त्यांनी ओळख दिली की काम फत्ते. तुझ्याकडं सर्टिफिकेट नाही ना, मग तेच एक आहेत." आणि तिनं वाचून दाखवलं, "नमस्कार सर, मी सुकन्या भीमाशंकर बिरादार. दोन हजार एक ते चार आपल्या हाताखाली बीजपरीक्षक होते..."

सुकन्याच्या जिभेवर काहीतरी आलं. तिनं बाजेकडं बघितलं. बाजेवर आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, लसूण सोलत बसल्या होत्या. जिभेवर आलेलं तिनं गिळलं आणि म्हणाली, "पाठव."

आता ही गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे. लातूरच्या लॅबमध्ये सुकन्या नावाचं कुणी कधी नव्हतंच. तिथं होती ती सिंधु. नायगावकडच्या गुंडप्पा एकलारेंची सिंधु. लग्नात तांदळाचं ताट पुढं आलं, भीमाशंकररावांच्या हातात अंगठी दिली आणि त्यांनी तांदळात अक्षरं ओढली: सुकन्या. का? तर सासूबाईंचं नाव सिंधुबाई. एका घरात दोन सिंधु कशा चालतील? हाक मारली तर ओ कुणी द्यायची? आणि सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, ही त्या घरची रीत. झालं! सासूचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर स्वतःचंही घेता येईना. एकवीस वर्षं सिंधु हा शब्द सुकन्याच्या तोंडातून गेला नव्हता. तनुजा पाचवीत इतिहास वाचायची तेव्हा सिंधु संस्कृतीच्या धड्याला ही बाई 'तो मोहेंजोदडोचा धडा' म्हणायची. पोरीला वाटायचं, मम्मीला मोहेंजोदडो लई आवडतं. मम्मीचं दुसरं काही नाव होतं, हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या ताटातले तांदूळ तिला अजून आठवत होते. लॅबची सवय, नवरी असूनही तिची नजर दाण्यांवर गेली होती. कणी जास्त होती. आणि कांडून सडलेला तांदूळ उगवत नसतो, हे तिच्या मनात आलं होतं आणि तिला भर मांडवात हसू फुटलं होतं. बायकांना वाटलं, पोरगी लाजली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. सुकन्या दर अर्ध्या तासानं मोबाईल बघायची. भीमाशंकररावांनी एकदा हळूच विचारलं, "आलं का काही?" ते महाविद्यालयात क्लार्क होते आणि घरात आवाज न करता वावरायची त्यांना सवय होती. "न्हाई," ती म्हणाली. बुधवारीही नाही.

गुरुवारी कार्यालयात लग्न होतं. आजकालच्या पोरी नाव बदलू देत नाहीत, पण या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी हट्ट धरला होता. "मॅनेजर मॅडम, ताट द्या, तांदूळ द्या," म्हणून एक जण पळत आला. सुकन्यानं कोठीतून ताट काढलं, तांदूळ पसरले, बोटानं सारखे केले आणि दिले. दारात उभी राहून तिनं बघितलं. पोरानं अंगठीनं नाव ओढलं, टाळ्या वाजल्या, नवरी मान खाली घालून बसली होती. आणि त्याच वेळी सुकन्याच्या हातातला मोबाईल थरथरला.

वीरेश सरांचं उत्तर होतं. "नमस्कार. माफ करा, पण आपली ओळख पटत नाही. त्या काळात आमच्या लॅबमध्ये सुकन्या नावाचं कुणी नव्हतं. आपली काही गल्लत होत असावी. शुभेच्छा."

शुभेच्छा म्हणे! सुकन्या तशीच कोठीत गेली, तांदळाच्या पोत्यावर बसली आणि डोळ्याला पदर लावला. वीरेश सरांवर राग नव्हता. त्यांचं काय चुकलं? खरंच नव्हती सुकन्या तिथं. तिला वाटलं, ती तीन वर्षं आपण जगलोच नाही की काय. कुणा दुसरीची होती आणि आपण उगाच आपली म्हणून जपत बसलो. बाहेर बँडवाल्यांनी जोर धरला होता आणि कुणीतरी "मॅडम, जिलेबी कमी पडून राहिली!" म्हणून ओरडत होतं. ती उठली आणि जिलेबीचं बघायला गेली.

घरी आली तर तनुजा तोंड पाडून बसलेली. प्रोफाइल तिच्याही मोबाईलवर उघडी होती, तिनं वाचलं होतं. भीमाशंकरराव टीव्हीसमोर, आत्याबाई बाजेवर.

"मम्मी," तनुजा चाचरत म्हणाली, "सर म्हणतात या नावाचं कुणी नव्हतंच. तू... खरंच होतीस ना तिथं?"

स्वतःच्या पोरीनं असं विचारावं! सुकन्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. "होते," ती म्हणाली. "तवा माझं नाव वेगळं होतं."

"काय? काय नाव होतं?"

सुकन्यानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं टीव्हीकडं बघितलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, तीनशे पानांचं लग्न एकटी उठवणारी, आणि स्वतःचं नाव सांगायला तिची जीभ उचलेना.

"अगं सांग ना! पप्पा, काय नाव होतं मम्मीचं?"

"सिंधु," बाजेवरून आवाज आला.

तिघांनी वळून बघितलं. आत्याबाईंनी लसूण ठेवलेलं सूप बाजूला सारलं. "सिंधु नाव हुतं तुह्या मायचं. माझ्यापायी बदललं."

"म्हणजे? तुझं नाव आहे म्हणून?" तनुजानं विचारलं.

"हाव." म्हातारीनं बोटांना चिकटलेली लसणाची सालपटं काढली. मग म्हणाली, "आन् माझं तरी कुठं हुतं ते?"

"असं काय बोलते आई?" भीमाशंकररावांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"खरं तेच बोलून राहिले. माझ्या बापानं माझं नाव सोजर ठेवलं हुतं. इस्लापूरला समदे सोजर म्हणायचे. लग्नात तुह्या बापाला ते गावंढळ वाटलं. शिकलेला गडी ना! कुठं पुस्तकात वाचलं आन् तांदळात लिहिलं, सिंधु. मी तेरा वर्साची. मला ते वाचता बी येत न्हवतं. हाक मारली की दुसऱ्याच बाईला बलवून राहिले असं वाटायचं, मी ओ देत न्हवते, म्हून मार खाल्ला. मग झाली सवय." तिनं सुनेकडं बघितलं. "सुकना, तू घरात आलीस तवाच मला सांगायला पायजे हुतं. म्हणायला पायजे हुतं, बाई, हे नाव तुहं जन्माचं हाय, ते तूच ठेव. पण मला वाटलं, इतक्या वर्सांनी एक नाव पचलंय, ते बी सोडलं तर मी कोण ऱ्हाईन?"

सुकन्या जाऊन बाजेवर आत्याबाईंच्या पायाशी बसली. एकवीस वर्षं या बाईचा तिला मनातून राग होता. भांडणाचा नव्हे, बारीक, बूट चावावा तसा. तो आता कुठं ठेवावा हे तिला कळेना. "सोजर," ती हळूच म्हणाली. हे नाव घ्यायला काही बंदी नव्हती. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग तिला हसूही आलं. "बासष्ट वर्सांनी आयकलं," ती म्हणाली.

"पण कसं आहे," भीमाशंकररावांनी घसा खाकरला, "आधारवर सुकन्या आहे. पॅनवर सुकन्या. बँकेत सुकन्या. आता मधेच नाव बदललं तर गॅझेट करावं लागतं, दोन साक्षीदार..."

"गप बस भीमा!" म्हातारी कडाडली. "तुला तर अक्षर बी नीट काढता आलं न्हवतं. शेवटची रेघ ताटाच्या बाहेर गेली हुती."

"आधारला कोण हात लावतंय, पप्पा?" तनुजाचे अंगठे मोबाईलवर चालायला लागले होते. "इथं लिहिता येतं. दोन्ही नावं टाकू. मम्मी, पुढं कोणतं ठेवू?"

"सिंधु," सुकन्या म्हणाली. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, म्हणून परत म्हणाली. "सिंधु गुंडप्पा एकलारे. आन् पुढं सुकन्या बिरादार पण लिही. तिनं बी लई काम केलंय."

"आणि वरच्या ओळीत? तिथं मी 'पॅशनेट प्रोफेशनल' टाकलंय."

"ते काढ. लिही: बी तपासते. मधे बरीच कामं केली."

तनुजानं 'पॅशनेट' खोडलं, तसंच लिहिलं आणि वीरेश सरांना पुन्हा मेसेज टाकला.

वीरेश सरांचं उत्तर भाकरी थापून व्हायच्या आत आलं. "सिंधु? गुंडप्पांची सिंधु? अहो, मग आधी का नाही सांगितलं! सोमवारी या." आणि त्याखाली आणखी एक ओळ: "खाजामियाँ अजून येतात, सीझनला कागद ओले करायला. त्यांना सांगितलं तर ते खुर्चीवरून उठले."

सोमवारी ती लातूरला गेली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर आलं. नव्या लॅबच्या फाटकाशी पांढऱ्या दाढीचे खाजामियाँ काठी टेकून उभेच होते. दोन्ही हात वर करून ते ओरडले, "क्या सिंधुबेटी! आठ दिवस की छुट्टी बोलके गई थी ना? इक्कीस साल लगते क्या आठ दिवस कू?"

भर रस्त्यात कुणी तिला त्या नावानं हाक मारली होती. सिंधु रडली आणि हसली, दोन्ही एकदम. मग तिनं पहिलं काय विचारलं असेल? "चाचा, मी लावून गेलेला तो नमुना... त्यात किती उगवले?"

"कौनसा नमुना?" खाजामियाँनी डोकं खाजवलं. "अल्ला जाने बेटी. गिने होंगे किसीने. इत्ते नमुने आए और गए." त्यांना नाव आठवत होतं, नमुना नाही. सिंधुला वाटलं, जाऊ दे, उलटं असतं तर काय उपयोग होता.

आत एका तरुण पोरीनं मुलाखत घेतली. प्रोफाइल बघून ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही खूप उड्या मारल्यात. एका जागी टिकला नाहीत." सिंधुनं तिला शांतपणे सांगितलं, "मी एकाच जागी होते बाई. कामं येत होती आन् जात होती." वीरेश सर हसले. मग त्यांनी एक उघडलेली गुंडाळी समोर ठेवली आणि म्हणाले, मोजा. सिंधुनं चष्मा लावला. बोटं सुरुवातीला अडखळली, दहा-बारा रोपांनंतर आपोआप चालायला लागली. कायम परीक्षकाची जागा त्या कंपनीनं एका एम.एस्सी. झालेल्या पोराला दिली, ते तिला तिथंच सांगितलं. तिच्यासाठी होते सीझनचे चार महिने. पुढचं पुढं बघू. चार तर चार. एकवीस वर्षांपूर्वी तर आठव्या दिवशी मोजायलाही परत येता आलं नव्हतं.

मार्चच्या एक तारखेला ती रुजू झाली. बायकांच्या वसतिगृहात खोली घेतली. मंगल कार्यालयवाल्या मालकानं कपाळाला हात लावला, तनुजानं बॅग भरून दिली, भीमाशंकररावांनी स्वतः भात लावायला शिकायचं कबूल केलं आणि पहिल्याच दिवशी करपवला. पहिला नमुना सिंधुनं स्वतःच्या हातानं लावला. कागद मुठीत दाबून बघितला. बरोबर होता.

आठव्या दिवशी तिनं गुंडाळ्या उघडल्या. तोच वास. तिनं तो पोटभर घेतला आणि मोजायला बसली. चारी गुंडाळ्या मोजून, सरासरी काढून तिनं नोंदवहीत आकडा लिहिला, ब्याऐंशी, आणि परीक्षकाच्या रकान्यात सही केली. मग बाहेर ओट्यावर येऊन घरी फोन लावला. आत्याबाईंच्या बटणाच्या फोनवर नाव उमटतं, पण म्हातारीला वाचता येत नाही; कुणाचाही फोन आला तरी ती आधी ओरडूनच विचारते.

"हालू! कोण बोलतंय?"

"मी, सिंधु."

पलीकडं कसला तरी खडखडाट झाला, सूप खाली ठेवल्यासारखा. सिंधुनं फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"बोल बाई सिंधु," म्हातारी म्हणाली. "मी सोजर बोलून राहिले."